माकडलिंबू आणि राणी पाकोळी

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरामागे चिऱ्यांचा जुना गडगा आहे. अलीकडे परसू, पलीकडे उतार आणि रान. माझ्या लहानपणी या गडग्याला लागून पाच-सहा झुडपे उभी होती. पाने लिंबाच्या पानांसारखी, चुरगाळली तर वासही तसाच. फळे मात्र सुपारीएवढी आणि कुणी तोंडात न घालणारी. आत्या त्यांना माकडलिंबू म्हणे. पावसाळा सरत आला की त्या झुडपांवर मोठमोठी काळी-निळी फुलपाखरे घिरट्या घालत. आमच्या घरात त्यांना ‘निळ्या पाकोळ्या’ म्हणत.

२००९ साली इतिहासाच्या अध्यापनातून निवृत्त होऊन मी गावी आलो. काजूची कलमे लावायची म्हणून गड्याला लावून परसू बेणून घेतले. त्यात गडग्याची झुडपेही गेली. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. ती पायरीवर बसून म्हणाली, “ती झुडपं ठेव हो, बाबा. त्या पाकोळ्या तिथंच येतात.” मी म्हणालो, “आत्या, पाकोळ्या फुलांवर येतात. मी फुलझाडं लावतो की.” ती काही बोलली नाही. मी घाणेरी लावली, एक्झोरा लावली, जास्वंद तर होतीच. पुढच्या वर्षी निळ्या पाकोळ्या एक-दोनदा फुलांवर येऊन गेल्या. पण ते घिरट्या घालणे थांबले. त्यानंतरच्या वर्षी त्या दिसेनाशा झाल्या.

जून २०१५ मध्ये बातमी आली, की महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू जाहीर केले आहे. असा निर्णय घेणारे हे देशातले पहिले राज्य. आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यफूल, शेकरू हा राज्यप्राणी आणि हरियाल हा राज्यपक्षी. त्यांच्या पंक्तीला आता ‘ब्लू मॉरमॉन’ आले होते. बातमीसोबतचे छायाचित्र पाहिले आणि ओळखले. सरकारने जिचा गौरव केला, ती मी घराबाहेर काढलेली पाकोळी होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे कागद शोधणे. या फुलपाखराला हे नाव कुणी दिले? ते कुठे राहते, काय खाते, हे कुणी आणि कधी शोधले? आत्याला जे ठाऊक होते, ते पुस्तकांत केव्हा आले? पुढची काही वर्षे मी या प्रश्नांच्या मागे होतो. हाती जे लागले ते येथे मांडतो.

*

शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. ते दिले पीटर क्रेमर या डच माणसाने, १७७५ साली. क्रेमर ॲम्स्टरडॅमचा व्यापारी होता. डच जहाजे जगभरातून मसाले आणि कापड आणत, तशी टाचणीला टोचलेली फुलपाखरेही आणत. ती जमवण्याचा छंद त्या शहरातल्या अनेक धनिकांना होता. क्रेमरने या संग्रहांची चित्रे काढवून घेतली आणि परदेशी फुलपाखरांचा रंगीत ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षी, १७७६ मध्ये, तो वारला. त्याचे काम कास्पर स्टॉल याने १७८२ पर्यंत पुरे केले. हाताने रंगवलेली ही चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत.

पण नाव पॉलिम्नेस्टरच का? याचे मूळ लिनियसपाशी आहे. १७५८ सालच्या आपल्या ग्रंथात लिनियसने मोठ्या फुलपाखरांना ‘सरदार’ म्हटले आणि त्यांच्या दोन फौजा केल्या. एक ट्रॉयवासीयांची, दुसरी ग्रीकांची. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे लाल ठिपके होते, ते बहुतेक ट्रॉयचे; बाकीचे ग्रीक. आपल्याकडे दिसणारे, लाल अंगाचे क्रिमझन रोझ त्यामुळे ‘हेक्टर’ झाले. आपल्या अशोकाच्या झाडाभोवती भिरभिरणाऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराला ‘ॲगामेम्नॉन’ हे नाव मिळाले. आपल्याकडे कुणी फुलपाखरांची कौरव-पांडवांत वाटणी करावी, तसाच हा प्रकार.

पुढच्या अभ्यासकांनी ही प्रथा चालू ठेवली आणि क्रेमरच्या वाट्याला पॉलिम्नेस्टर आला. हा थ्रेसचा राजा. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम याने युद्ध पेटल्यावर आपला धाकटा मुलगा पॉलिडोरस आणि त्याच्याबरोबर बरेचसे सोने या मित्राकडे सुरक्षित ठेवायला दिले. ट्रॉय पडल्याचे कळताच पॉलिम्नेस्टरने सोन्याच्या लोभाने त्या पोराला मारले. युरिपिडीसच्या नाटकात मुलाची आई हेक्युबा या विश्वासघातक्याचे डोळे फोडते. महाराष्ट्राने ज्याला मानाचे पान दिले, त्याच्या शास्त्रीय नावात हा इसम बसलेला आहे. आणि मराठीत आपण त्याच फुलपाखराला म्हणतो राणी पाकोळी!

लिनियसच्या वाटणीत एक गंमत दडलेली आहे. छातीवर लाल खूण असलेले त्याचे ट्रॉयचे सरदार आज पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळांच्या अळ्या सापसंदाच्या कुळातल्या विषारी वेलींवर वाढतात. ते विष त्यांच्या अंगात उतरते आणि लाल रंग हा पक्ष्यांना दिलेला इशारा असतो. लिनियसला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापुढे होती ती टाचणीला टोचलेली वाळकी फुलपाखरे. पण झाडाने फुलपाखराच्या अंगावर लिहिलेली खूण त्याने नकळत वाचली होती.

*

इंग्रजी नावाची कथा आणखी वेगळी. ‘मॉरमॉन’ हा अमेरिकेतला एक धर्मपंथ. त्यांनी १८५२ मध्ये बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आणि १८९० मध्ये ती प्रथा अधिकृतपणे सोडली. या मधल्या काळात इंग्रजी जगात मॉरमॉन म्हटले की अनेक बायकांचा नवरा, असेच चित्र डोळ्यांपुढे येई. याच सुमाराला आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचा आग्नेय आशियातल्या फुलपाखरांवरचा निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तोवर वेगवेगळ्या जाती समजत, त्या एकाच जातीच्या निरनिराळ्या रूपांच्या माद्या आहेत, हे त्याने दाखवले. आपल्याकडच्या ‘कॉमन मॉरमॉन’ची मादी अशीच तीन रूपांत दिसते. एक रूप नरासारखे, तर दोन रूपे विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करणारी. एका नराच्या या ‘अनेक बायका’ पाहून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

ब्लू मॉरमॉनला मात्र हे नाव मुळीच लागू पडत नाही. त्याचे नर आणि मादी जवळजवळ सारखेच. मादीचा निळा थोडा फिकट, एवढेच. आडनाव जसे भाऊबंदांमुळे चिकटते, तसे हे नाव त्याला चिकटले. म्हणजे एक नाव ग्रीक पुराणातून आले, दुसरे अमेरिकेतल्या वादातून. दोन्ही नावांत ना सह्याद्री आहे, ना ते झाड. राज्य फुलपाखराचा मान मिळाल्यावर ‘राणी पाकोळी’ हे नाव रुळले. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांची मराठी नावे प्रसिद्ध केली, त्यात त्याला ‘नीलवंत’ म्हटले आहे. मला दोन्ही आवडतात. पण या लेखात मी घरातली पाकोळीच ठेवली आहे.

*

आता झाडाकडे वळू. क्रेमरच्या चित्रांत फुलपाखरू वरून आणि खालून दोन्हीकडून दिसते, पण झाड दिसत नाही. याचे नवल अशासाठी वाटते, की त्याच ॲम्स्टरडॅममध्ये १७०५ साली मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनामच्या कीटकांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तिच्या पानापानावर अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचे झाड एकत्र आहेत. ती स्वतः सुरिनामला जाऊन अळ्या पाळून आली होती. पण संग्राहकांना हवे होते पंख. अळीला कपाटात जागा नव्हती, झाडाला तर नव्हतीच.

आणि झाडे त्या शहराला अपरिचित होती, असेही नाही. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमलाच १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्य होते. या तिघांचे नागरी लिपीतले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि ग्रंथातल्या चित्रांवर वनस्पतींची नावे नागरीतही दिली आहेत. युरोपात छापलेले हे नागरी लेखन फार जुन्या नमुन्यांपैकी एक. त्याच ग्रंथात ‘नारेगम’ हा शब्द असलेल्या नावांनी लिंबाच्या कुळातली रानझाडे आली आहेत.

म्हणजे पाकोळीचे चित्र छापले जाण्याआधी जवळजवळ शंभर वर्षे तिच्या झाडाचे नातेवाईक त्याच शहरात छापले गेले होते. झाड एका ग्रंथात आणि पाकोळी दुसऱ्या ग्रंथात होती. दोन्ही एकाच शहरात असूनही त्यांची गाठ पडली नाही, कारण ती गाठ कपाटात पडणारी नव्हतीच. त्यासाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी बसावे लागणार होते.

माकडलिंबाच्या प्रजातीला ‘अटलांटिया’ हे नाव पोर्तुगीज धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेया द सेरा याने १८०५ मध्ये दिले. अटलांटा ही ग्रीक कथेतली वेगवान धावपटू. वाटेत टाकलेली सोन्याची फळे उचलायला ती थांबते आणि शर्यत हरते. निळ्या पाकोळीचेही तसेच. कितीही वेगात जात असली, तरी या झाडापाशी ती थांबते.

*

ती गाठ पडली कारवारला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता. त्या शतकाच्या अखेरीस तिथे तीन इंग्रज अधिकारी एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन जिल्ह्याचे कलेक्टर, टी. आर. बेल वनखात्यातले, आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ व जकात खात्यातले. एटकेन जन्माने सातारचे, १८५१ सालचे. वडील मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. ‘ईहा’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली अंगणातल्या जीवजंतूंवरची खुसखुशीत पुस्तके त्या काळी घरोघरच्या इंग्रजी कपाटांत असत. १८८३ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली, त्यांत ते होते. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते, हे आपण सहसा विसरतो.

या तिघांनी उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर लिहिलेला दीर्घ निबंध सोसायटीच्या नियतकालिकात १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या अनेकांच्या लेखनाहून याचे वेगळेपण पहिल्या काही पानांतच कळते. जाळे घेऊन धावण्याऐवजी हे लोक अळ्या शोधत. अळी ज्या झाडावर सापडली त्याची पाने आणून तिला घरात वाढवायचे, कोष होऊ द्यायचा आणि फुलपाखरू बाहेर आले की नोंद करायची, अशी त्यांची रीत. त्यामुळे त्यांच्या लेखनात फुलपाखरामागून झाडाचे नाव येते. बेल यांनी पुढे १९०९ पासून मैदानी फुलपाखरांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. निवृत्तीनंतर ते कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तिथेच वारले.

पाकोळीची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. रानात माकडलिंबू, किरमिरा आणि पॅरामिग्निया नावाची काटेरी वेल; वस्तीत लिंबू आणि पपनस. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की ती पानांच्या रंगाची हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला मांसल अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कोष भोवतालच्या रंगाप्रमाणे कधी हिरवा, कधी तपकिरी. त्यातून निघणाऱ्या पाकोळीचा पंखविस्तार १२ ते १५ सेंटिमीटर भरतो.

याच काळात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली. तिच्यात शास्त्रीय नावांबरोबर मराठी नावेही नोंदली आहेत. ही नावे खेड्यातल्या माणसांच्या तोंडून आली. त्यांची स्वतःची नावे कुठेच नाहीत. तो ग्रंथ चाळताना मला पायरीवर बसलेली आत्या आठवत राहिली.

*

पण अळीला हेच झाड का लागते? १९१० मध्ये व्हर्शाफेल्ट या डच शास्त्रज्ञाने कोबीवरच्या अळ्यांवर एक साधा प्रयोग केला. ज्या पानांना त्या अळ्या तोंड लावत नसत, त्यांना त्याने मोहरीच्या कुळातल्या झाडाचा रस चोळला. अळ्यांनी ती पाने खाल्ली. म्हणजे अळी झाडाला ओळखते ती त्याच्या रसायनावरून. १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी यापुढचे पाऊल टाकले. झाड किड्यांपासून वाचण्यासाठी नवे रसायन तयार करते, एखादा किडा ते पचवायला शिकतो आणि मग त्याच झाडाला बांधला जातो. झाडे आणि फुलपाखरे यांनी अशी एकमेकांना घडवत युगे काढली, अशी त्यांची मांडणी होती. सापसंदावरची आणि लिंबाच्या कुळावरची फुलपाखरे ही त्यांच्या पुराव्यात होती.

मादी हे झाड ओळखते कसे? ती पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी ते झपाझप बडवते. तिची चव पायांत असते. पाकोळीच्या जपानी भावंडावर काम करणाऱ्या संशोधकांनी २०११ मध्ये पुढच्या पायांतला असा एक चवग्राहक शोधून काढला, जो लिंबाच्या कुळातले विशिष्ट द्रव्य ओळखतो. लहानपणी मी जे घिरट्या घालणे पाहिले होते, ते हेच. त्या माद्या प्रत्येक पानाची चव घेऊन अंड्यासाठी जागा निवडत होत्या. मी लावलेल्या फुलांवर त्यांना मध मिळाला असता, पण पोरांना खायला काही नव्हते. आत्या बरोबर होती.

मग जिथे लिंबू तिथे पाकोळी, असे म्हणता येईल का? तसे नाही. लिंबाच्याच झाडावर वाढणारे पिवळट-काळे लिंबू फुलपाखरू पाहा. उघडे ऊन त्याला चालते, रोपवाटिकेतली रोपे चालतात. ते मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागांत आहे, विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत आहे. २००४ मध्ये ते थेट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळले. राणी पाकोळी मात्र श्रीलंका आणि भारतातच राहिली. श्रीलंकेतल्या पाकोळीला वेगळी उपजात मानतात. आपल्याकडे तिचा मुख्य मुलूख म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या आजूबाजूचा ओलसर प्रदेश. मुंबई-पुण्याच्या बागांतही ती येते, कारण तिथे कुणीतरी लिंबू किंवा पपनस लावलेले असते आणि जवळपास टेकडी किंवा झाडीचा पट्टा असतो. कोरड्या पठारावर लिंबे कितीही असली, तरी ती सह्याद्रीत भेटते तशी सहज भेटत नाही. तिला झाड हवे, त्याबरोबर सावली आणि ओल हवी. माकडलिंबू आणि किरमिरा या दोघांची जागा नेमकी तीच आहे: मोठ्या झाडांखाली, रानाच्या कडेला, गडग्याच्या आडोशाला.

*

महाराष्ट्रानंतर उत्तराखंड, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, गोवा अशा राज्यांनीही आपापली फुलपाखरे निवडली. ही चांगलीच गोष्ट झाली. शाळेच्या भिंतींवर आज निळी पाकोळी रंगवलेली दिसते आणि पोरे तिला नावाने ओळखतात. पण त्या चित्रांत मी झाड शोधतो, आणि दिसते ते कुठलेतरी गुलाबी फूल. क्रेमरपासून आपण फार पुढे आलेलो नाही. माकडलिंबाला बाजारात किंमत नाही. त्याचे फळ विकत नाहीत आणि लाकडासाठी त्याला कुणी राखत नाही. कलमांची बाग करायची, रस्ता रुंद करायचा, प्लॉट पाडायचे, की आधी जाते ते हेच ‘झाडोरे’. वरचे आंबे-फणस राहतात आणि खालचे रान बेणले जाते. बाहेरून हिरवाई तशीच दिसते, म्हणून काही गेले हे लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात आले, कारण सांगणारे माणूस घरात होते आणि तरी मी ऐकले नाही.

अंगणातल्या लिंबाची गोष्टही हीच. अळी दिसली की आपण फवारणी करतो. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही. चार पाने जातात. रोप लहान असेल, तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवता येते.

आमच्या गावच्या देवराईच्या कडेला माकडलिंबाची दोन जुनी झाडे आहेत. देवाच्या भीतीने तिथली काटकीही कुणी नेत नाही, म्हणून ती राहिली. २०१६ च्या सुरुवातीला गावकऱ्यांना विचारून मी खाली पडलेली फळे आणली आणि बिया पिशव्यांत लावल्या. नऊ रोपे झाली. ती वाढायला फार वेळ घेतात. गडग्याच्या सावलीत लावली, त्यांतली सहा जगली. आत्या ती पाहायला राहिली नाही. ज्या वर्षी मी रोपे जमिनीत लावली, त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात ती गेली. शेवटी शेवटी तिला नीट दिसत नसे, तरी पान चुरगाळून वास घ्यायची आणि म्हणायची, “हेच ते.”

गेल्या वर्षी गणपतीनंतर, ऊन पडले असताना, एक निळी पाकोळी रानातून गडग्यावरून आत आली. जास्वंदीकडे तिने पाहिलेही नाही. कमरेइतक्या उंचीच्या झुडपाभोवती तिने तीन-चार फेऱ्या मारल्या. एका पानावर उतरून पाय बडवले, दुसऱ्यावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली. ती गेल्यावर मी चष्मा पुसून ते पान पाहिले. त्यावर मोहरीहून थोडे मोठे, गोल, एकच अंडे होते.

गडी पुढच्या आठवड्यात परसू बेणायला आला, तेव्हा मी पायरीवर बसून होतो. गडग्याकडे तो कोयता घेऊन वळला आणि मी आत्याच्याच शब्दांत त्याला म्हणालो, “ती झुडपं ठेव हो, बाबा.”